खऱ्याच्या दिवशी

वरवंडच्या वाचनालयात रोहिदासचा एक नियम होता. कादंबरी न्यायची असेल तर सोबत एक माहितीचं पुस्तक न्यायचंच. मग ते कोंबडीपालनाचं असो, नाहीतर ग्रहताऱ्यांचं. माहितीच्या पुस्तकांनी भरलेलं अख्खं कपाट धूळ खात पडलं होतं आणि तपासणीला येणारा साहेब नेमकं तेच कपाट उघडून बघायचा. वाचकांची अक्कल वाढावी वगैरे रोहिदासच्या मनातसुद्धा नव्हतं. आपली नोकरी टिकावी एवढीच त्याची इच्छा होती.

लोक ते दुसरं पुस्तक पिशवीत घालून नेत आणि न उघडता परत आणत. नजमुन्निसाला मात्र तसं जमायचं नाही. तिचं माहेर शिरूरचं. बाप एसटी डेपोत मेकॅनिक. बसमध्ये राहून गेलेली आणि कुणी मागायला न आलेली पुस्तकं तो घरी आणायचा, त्यामुळं लहानपणी तिच्या हाती कधी शेवटची पानं गेलेली कादंबरी यायची, तर कधी तलाठी परीक्षेचं गाइड. तिनं दोन्ही सारख्याच भुकेनं वाचली. हाती आलेलं छापील पान वाचल्याशिवाय खाली ठेवायचं म्हणजे तिला ताटात अन्न टाकल्यासारखं वाटायचं.

लग्न होऊन वरवंडला आली, नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान कधी चालायचं, कधी नाही, म्हणून ती पोपटरावांच्या कांद्याच्या शेडमध्ये कामाला जायला लागली. शेड हायवेला लागूनच. बायका ओळीनं बसायच्या आणि ढिगातला मोठा माल एकीकडं, गोल्टी म्हणजे बारका कांदा दुसरीकडं, सडका तिसरीकडं अशी निवड चालायची. पूर्वी तिथं मोबाइलवर गाणी वाजत. कुणाचं गाणं लावायचं यावरून एकदा अशी जुंपली की सडके कांदे निवडायचे सोडून एकमेकींना मारले गेले. पोपटरावांनी मोबाइल बंद केले. मग शेडमध्ये नुसत्या ट्रकचा आवाज आणि चिडचिड उरली.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत नजमुन्निसा कोपऱ्यात ओठ हलवत कादंबरी वाचत होती. कस्तुराबाई म्हणाली, "भाभी, मनात काय वाचतीस? मोठ्यानं वाच की. आम्ही काय पाप केलंय?"

तिनं मोठ्यानं वाचलं. सुट्टी संपली तरी बायकांनी तिला सोडलं नाही. तिच्यासमोरचा ढीग त्यांनी आपापल्यात वाटून घेतला आणि म्हणाल्या, तू वाच. पोपटरावांनी बघितलं, काम नेहमीपेक्षा जास्त उरकलंय. ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून तेच चालू झालं. नजमुन्निसा वाचायची आणि तिच्या वाटणीचा कांदा बाकीच्या निवडायच्या.

रोहिदासच्या नियमामुळं तिच्या पिशवीत कायम दोन पुस्तकं असत. बायकांनी त्यावरून वार ठरवून टाकले. एक दिवस गोष्टीचा, एक दिवस खऱ्याचा. गोष्टीच्या दिवशी कादंबरी. त्या दिवशी रडायचं, नायकाच्या आईला शिव्या घालायच्या, काय वाट्टेल ते करायचं. खऱ्याच्या दिवशी माहितीचं पुस्तक. त्या दिवशी जे कानावर पडेल ते घरी जाऊन वापरायचं. आणि त्या खरंच वापरायच्या. सापाच्या पुस्तकानंतर एकीनं नवऱ्याच्या हातातली काठी धरली आणि बिनविषारी धामण जगवली. कायद्याच्या पुस्तकानंतर कस्तुराबाईनं भावाकडं वडिलांच्या जमिनीतला वाटा मागितला. वाटा मिळाला नाही आणि भाऊबीजही बंद झाली. तरी तिला पस्तावा नव्हता. पुस्तकात होतं म्हणजे खरंच होतं, असं ती ठासून सांगायची.

दिवाळीनंतर रोहिदासनं बायकांच्या आजारांवरचं एक पातळ पुस्तक तिच्या पिशवीत घातलं. एका डॉक्टरबाईंनी लिहिलेलं. खऱ्याच्या दिवशी तिनं ते उघडलं आणि छातीतल्या गाठीचा धडा वाचायला घेतला. पहिल्या पानावरच बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. चित्र बघून एक जण चहा आणायच्या निमित्तानं उठली. पुढं पुढं भाषा जड होत गेली, पेशी काय, ग्रंथी काय. बायकांचे डोळे कांद्यांवर आणि मन तिसरीकडंच.

"ह्ये नगं, भाभी," कस्तुराबाई म्हणाली. "आज गोष्टच वाच. खरं उद्या वाच."

नजमुन्निसाला वाईट वाटलं. धडा कामाचा होता, हे तिला कळत होतं. ऐकायलाच कुणी तयार नसेल तर कामाचं असून काय उपयोग? मग तिनं एक गोष्ट केली. पुस्तक तसंच उघडं धरलं, नजर पानावर ठेवली आणि वाचल्यासारख्या आवाजात म्हणाली, "भीमेच्या पलीकडं एका गावात द्वारका नावाची बाई होती. ती कांदे निवडायच्या कामाला जायची."

बायकांचे हात थांबले.

एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण इतक्या कादंबऱ्या वाचलेल्या बाईला गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही. द्वारकाला अंघोळ करताना गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. ती गाठ कशी तपासायची, हात कसा फिरवायचा, ते नजमुन्निसानं द्वारकाच्या हातून बरोबर करून दाखवलं, पुस्तकात होतं तसंच. मग तिला वाटलं, इथं थोडा ताण पाहिजे. तिनं द्वारकाला एक लेक दिली आणि लेकीचं लग्न ठरवलं. दवाखान्यात जावं तर बोभाटा होणार, सोयरिक मोडणार. द्वारका थांबली. लेकीची पाठवणी होईपर्यंत थांबली. इथवर येईतो शेडमधल्या निम्म्या बायका डोळे पुसत होत्या, आणि कांद्यानं नव्हे.

"मारू नगंस गं तिला," कस्तुराबाई म्हणाली.

नजमुन्निसानं ओळीवर नजर फिरवली. सगळ्या जणी तिच्याकडं तोंड करून बसलेल्या. तिला द्वारकाला मारवलं नाही. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी द्वारका दवाखान्यात गेली, ऑपरेशन झालं आणि ती खडखडीत बरी होऊन पुन्हा कामावर आली, असं तिनं वाचलं. म्हणजे सांगितलं. पण बायकांच्या लेखी ते वाचलेलंच होतं, आणि तो दिवस खऱ्याचा होता.

धड्याच्या शेवटी ठळक अक्षरात एक पान होतं. गाठ लागली की त्याच आठवड्यात डॉक्टरकडं जा, थांबू नका, दुखत नाही म्हणून तर अजिबात थांबू नका. ते पान वाचायचं तिच्या मनात होतं. पण काम सुटायची वेळ झाली. दुसरा दिवस गोष्टीचा. कादंबरी ऐन रंगात आलेली, बायकांनी लागोपाठ तीच वाचून घेतली. मग रोहिदासनं दोन्ही पुस्तकं परत मागितली आणि ते पान राहून गेलं.

वैशाखात सिंधूबाईच्या लेकीचं लग्न झालं. सिंधूबाई शेडमध्ये नजमुन्निसाच्या शेजारी बसायची. विधवा, अबोल, हात मात्र विजेसारखे चालायचे. वाचन ऐकताना ती कधी मध्ये बोलायची नाही. लेक सुलक्षणा एकुलती एक. जावई कुरकुंभच्या कारखान्यात कामाला, माणसं बरी. लग्नात सिंधूबाई नव्या साडीत सगळ्यांच्या पुढं पुढं करत होती. थोडी वाळल्यासारखी दिसली, पण लेकीच्या लग्नात कुठली आई वाळत नाही?

पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नजमुन्निसाच्या दारात आली. हातात लग्नातले बुंदीचे लाडू. चेहरा अगदी मोकळा.

"भाभी, एक काम व्हतं," ती म्हणाली. "ती द्वारका कंच्या दवाखान्यात गेली व्हती?"

नजमुन्निसाला आधी नावच आठवलं नाही. "कोण द्वारका?"

"आगं, पुस्तकातली. गाठवाली. तू वाचलं त्याच राती मी हात फिरवून बघितला, तर मला बी लागली." सिंधूबाई लाजल्यासारखी हसली. "म्हटलं, घाबरायचं न्हाई. द्वारका थांबली तसं थांबायचं. सुलीचं लगीन ठरलेलं. आता लगीन बी झालं, मोकळी झाले. तिचं ऑपरेशन झालं तिथंच जाऊ म्हंजी बरं."

नजमुन्निसानं लाडवांचा डबा हातात घेतला. तो कुठं ठेवावा हे तिला सुचेना. घर तिचंच होतं, पण तिला कळेना.

"दाखवा, अक्का," ती कशीबशी म्हणाली.

आत नेऊन सिंधूबाईनं दाखवलं. नजमुन्निसानं बघितलं. पुस्तकातल्या चित्रात एवढं पुढचं काही नव्हतं.

त्याच दिवशी वडापच्या जीपमधून दोघी दौंडला गेल्या. दौंडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि हात धुता धुता पुण्याची चिठ्ठी दिली. पुण्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं रिपोर्ट बघितले आणि तिला राग आवरला नाही. "मावशी, इतके महिने काय करत होतात?"

"लेकीचं लगीन व्हतं," सिंधूबाई म्हणाली. "द्वारका बी येवढीच थांबली व्हती."

"कोण द्वारका?"

"हिला ठावं हाय," सिंधूबाई नजमुन्निसाकडं बोट करून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं बघितलं. नजमुन्निसानं मान खाली घातली. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बोलावून सांगितलं की आता ऑपरेशन करून फायदा नाही, पसरलंय. कार्तिकात आली असती तर चित्र वेगळं असतं. कार्तिक हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण नजमुन्निसानं मनातल्या मनात महिने मोजले आणि ते तिथंच जाऊन थांबले.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. अजीम फार बोलणारा माणूस नव्हे. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझे पढनेको बोले थे ना? बनानेको किसने बोला था?" त्यानंतर तिला बरेच दिवस जेवण गेलं नाही.

केमो सुरू झाली. सिंधूबाईचे केस गेले, नखं काळी पडली. सुलक्षणा सासर सोडून आईजवळ येऊन राहिली. नजमुन्निसा शेड सुटली की रोज जायची. सिंधूबाई रोज एकच विचारायची. द्वारकाचे बी केस गेले व्हते का? तिला बी वकाऱ्या व्हायच्या का? आणि नजमुन्निसा उत्तरं द्यायची. गेले होते, अक्का, पण परत आले, आधीपेक्षा दाट. उलट्या व्हायच्या, मग थांबल्या. द्वारकाचं आयुष्य ती रोज थोडं थोडं पुढं नेत होती. ते ऐकलं की सिंधूबाई दोन घास खायची. न सांगावं तर खायची नाही. आता हे पाप म्हणायचं का औषध, ते नजमुन्निसाला ठरवता येईना, आणि ठरवायला वेळही नव्हता, कारण घास निवत असायचा.

मग सिंधूबाईनं हट्टच धरला. "मला तिला भेटव. यकदा डोळ्यानं बघू दे. पुस्तकात नाव हाय म्हंजी गाव बी आसंल."

सुलक्षणाही मागं लागली. "भाभी, कुठं राहतात त्या? मी ह्यांना गाडी घेऊन पाठवते. आईला तेवढाच धीर येईल."

नजमुन्निसा आज म्हणाली, उद्या म्हणाली. तिच्या मनात येऊन गेलं की माहेरच्या ओळखीतली एखादी बाई आणावी, द्वारका म्हणून उभी करावी. शिरूरला तशी एक होतीही. फोन लावायला तिनं मोबाइल हातात घेतला आणि स्वतःचीच शिसारी आली. एका बाईला आपण पुस्तकाच्या नावाखाली गोष्ट विकली, आता तिच्या मरणाच्या दारात नाटक बसवणार. तिनं मोबाइल ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा दळण आणायला गेली तेव्हा ती खाटेजवळ जाऊन बसली.

"अक्का, द्वारका न्हाई," ती म्हणाली.

"मेली व्हय?" सिंधूबाईनं घाबरून डोळे उघडले.

"न्हाई. नव्हतीच. पुस्तकात कुणी द्वारका नव्हती. तुम्ही कुणी ऐकत नव्हत्या म्हणून मीच रचली. पुस्तकात लिहिलं होतं, गाठ लागली की थांबू नका. ते मी वाचलंच न्हाई."

सिंधूबाई कोपरावर रेलून अर्धी उठली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"खऱ्याचा दिवस व्हता की त्यो," ती म्हणाली.

"व्हय, अक्का."

"मग मी कुणाच्या भरवशावर थांबले?"

"माझ्या," नजमुन्निसा म्हणाली आणि रडायला लागली. सिंधूबाई रडली नाही. तिनं तोंड भिंतीकडं केलं. नजमुन्निसाला वाटलं, आता ही मला उठ म्हणेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग भिंतीकडं तोंड ठेवूनच सिंधूबाई बोलली.

"सुलीला ह्ये सांगू नगं."

"अक्का..."

"ऐक. मी लग्नापायी थांबले आसं तिला कळलं, तर ती जलमभर मनाला लावून घील. माझ्या लग्नानं आई गेली म्हनंल. नवऱ्यासंगं सुखानं घास खायची न्हाई." ती थांबून थांबून बोलत होती. "तिला वाटतंय, मला गाठ लग्नानंतरच लागली. तसंच ऱ्हाऊ दे. द्वारका बरी झाली, आन् माझा रोगच वायला व्हता, आसं सांग. तू रचलीस न्हवं तिला? आता तूच सांभाळ."

नजमुन्निसानं मान हलवली. सिंधूबाईनं ते बघितलं नाही, म्हणून तिला तोंडानं म्हणावं लागलं, "सांभाळते."

त्यानंतर सिंधूबाईनं तिच्याकडून काही ऐकलं नाही. नजमुन्निसा आली की डोळे मिटून पडायची. माफ केलं असंही म्हणाली नाही.

रोहिदासकडून तिनं ते पातळ पुस्तक पुन्हा आणलं. रोहिदास खूश झाला, एकच पुस्तक दोनदा गेलं म्हणून. खऱ्याच्या दिवशी तिनं ठळक अक्षरातलं ते पान वाचलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. जड शब्द आले तिथं थांबून अर्थ सांगितला. या वेळी कुणी हसलं नाही. सिंधूबाईची जागा रिकामी होती आणि सगळ्यांना माहीत होतं का ते.

वाचून झाल्यावर कस्तुराबाई म्हणाली, "आगं पन द्वारका तर थांबली व्हती. ती कशी बरी झाली मग?"

सगळ्या जणी तिच्याकडं बघायला लागल्या. खरं सांगायचं तर हीच वेळ होती. पण शेडमधला शब्द अंधार पडायच्या आत सिंधूबाईच्या उंबऱ्यावर पोचतो, हे तिला माहीत होतं.

"तिच्यावर जाऊ नका," नजमुन्निसा म्हणाली. "ती एखादीच. तिचा भरवसा धरायचा न्हाई. ह्या पानाचा धरायचा."

त्या आठवड्यात तीन बायका दौंडला जाऊन तपासून आल्या. तिघींचंही काही निघालं नाही. कस्तुराबाई मात्र गेली नाही. म्हणाली, आपल्याला काय धाड भरलीय, आणि भरली तरी द्वारकासारखी बरी होईन.

सिंधूबाई आश्विनात गेली. तेराव्याला नजमुन्निसा अजीमबरोबर गेली. मांडवात पाहुणे जेवत होते. सुलक्षणा वाढता वाढता थांबली आणि तिला बाजूला घेऊन गेली. पोरीचे डोळे सुजले होते, पण बोलणं शांत होतं.

"भाभी, द्वारकाबाईंना कळवलंत का आई गेल्याचं?"

नजमुन्निसानं पदर डोक्यावर ओढला.

"कळवलं," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"रडल्या," नजमुन्निसा म्हणाली. "लई रडल्या."

"त्या तरी नीट आहेत ना?"

"हायत. बऱ्या हायत."

सुलक्षणानं पदरानं डोळे पुसले. "आईला त्यांचा फार आधार होता," ती म्हणाली. "वर्षश्राद्धाला त्यांना घेऊन या, भाभी. मला त्यांच्या पाया पडायचंय."